पप्पा धुळ्याला गेलेत

गेल्या आठवड्यापासून आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर कपाशीच्या वाळक्या काड्यांचे भारे येऊन पडले आहेत. म्हणजे भरिताचे दिवस आले. जळगावात हिवाळ्याची वर्दी आधी नाकाला मिळते. संध्याकाळ झाली की कुठल्या तरी गल्लीतून वांगी भाजल्याचा वास येतो. करपलेल्या सालीचा, वाफाळलेल्या गराचा, झटकन पेटून झटकन विझणाऱ्या काड्यांचा. बाहेरगावी गेलेल्या जळगावकराला या वासाने घर आठवतं म्हणतात. मी मात्र त्या वेळी उठतो आणि खिडकी लावून घेतो. माझी पत्नी शोभा काही बोलत नाही. "का लावली?" असं तिने एकदाही विचारलेलं नाही आणि मीही कधी सांगितलेलं नाही. न विचारणं हा आमच्या घरातला जुना शिष्टाचार आहे. तो कसा पडला, हे सांगायचं फार वर्षं टाळत आलो.

भरीत घरीही होतं, पण शेतातली भरीत पार्टी ही आमच्याकडची वेगळीच गोष्ट. त्या दिवशी रांधण्याचा मान पुरुषांचा. हिरवट-पांढरी, एका हातात न मावणारी वांगी टोचून भोकं पाडून जाळात टाकायची. भोकं पाडली नाहीत तर आतल्या वाफेने वांगं फुटतं आणि सगळा गर राखेत जातो. वांगं शिजलं की नाही, हे सालीवरून समजत नाही. साल सगळ्यांचीच काळी होते. देठाजवळ दोन बोटांनी दाबून पाहावं लागतं. तिथे कच्चं असेल तर वरून कितीही करपलेलं असो, ते कच्चंच. मग साल काढून लाकडी काठवटीत मिरची-लसणासोबत ठेचायचं, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालायचे आणि केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर वाढायचं. देठ दाबून वांगी उतरवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणत. मलाही ते खरं वाटे.

मी एका पतसंस्थेचा दैनिक ठेवीचा एजंट होतो. सकाळी बाजार उघडायच्या सुमारास निघायचो आणि दुकानादुकानातून, टपऱ्यांवरून, भाजीच्या हातगाड्यांवरून दिवसाची छोटी रक्कम गोळा करायचो. लोकांनी संस्थेची इमारत क्वचितच पाहिलेली. "संस्था कोणी पाहिलीय, भाऊ? आम्ही तुम्हाला ओळखतो," असं बाजारातले एक मारवाडी कापडवाले हसत म्हणाले होते आणि मी ती स्तुती म्हणून घेतली होती. त्या वाक्यात केवढा धोका होता, हे कळायला मला पुष्कळ वेळ लागला. दर हिवाळ्यात धरणगाव रस्त्यावरच्या एका शेतात मी माझ्या ठेवीदारांना भरीत खाऊ घालत असे. ज्याच्या पानावर भरीत खाल्लं, त्याच्याशी माणूस वाकडं बोलत नाही, असा माझा अनुभव होता. अनुभव कसला, हिशेबच तो.

आमच्याच गल्लीत नाना राहतात. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीचे पैसे मिळाले त्या हिवाळ्यात मी त्यांना मुद्दाम पार्टीला नेलं, त्यांच्यासाठी सर्वांत मोठं वांगं वेगळं काढलं. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, पुसले आणि तिथेच, उसाच्या बांधावर बसून ठेवीच्या अर्जावर सही केली. "तू सांगतोस म्हणून," एवढंच म्हणाले.

पुढे एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर संस्थेने पैसे देणं थांबवलं. आठवड्याभरात सुरळीत होईल, असं संचालक सांगत होते. मग त्यांचे फोन लागेनासे झाले. माझी स्वतःची बचतही तिथेच होती. हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. घरात येणारी तेलाची पिशवी लहान होत गेली, दुधाचं माप अर्ध्यावर आलं, गॅस संपला की शोभा कॅलेंडरकडे पाहू लागली, एवढ्यापुरतंच त्याला महत्त्व. खरा प्रश्न दाराचा होता. लोक येत. चिडलेले कमी, अजीजीला आलेले जास्त. चिडलेल्याला तोंड देता येतं. "भाऊ, जावयाला दिवाळसण करायचा आहे, निम्मे तरी काढून द्या," असं म्हणणाऱ्या माणसासमोर उभं कसं राहायचं? मी उभा राहिलो नाही. फोन बंद केला, मोटारसायकल मेहुण्याकडे नेऊन लावली आणि मागच्या खोलीत गाद्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसू लागलो.

शोभाला खोटं बोलता येत नाही. "ते घरी नाहीत," म्हणताना तिचा आवाज फुटतो आणि मान आपोआप मागच्या खोलीकडे वळते. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी आमच्या मुलीला हाक मारली. तेजल तेव्हा सतरा वर्षांची होती, बारावी सायन्सला. फाटकाशी नानांचा खोकला ऐकू आला होता.

"तेजल, तू जा."

"काय सांगू?"

"सांग, पप्पा धुळ्याला गेलेत. आत्याकडे."

धुळ्याला माझी थोरली बहीण राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. धुळं मी विचार करूनच निवडलं होतं. तिथे गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत परत येईलच असं नाही, इतकं ते लांब आहे; आणि कोणाला संशय यावा इतकंही लांब नाही. लोकांचे पैसे गोळा करणाऱ्याला हा असा विचार करता येतो.

तेजल गेली, भरभर बोलली आणि कानापर्यंत लाल होऊन परत आली. तिला जवळ बसवून मी समजावलं, "घाई करायची नाही. आधी पाणी द्यायचं. पाणी पिताना माणसाचा राग उतरतो. मग सांगायचं. आणि सांगताना खाली बघायचं नाही, सरळ डोळ्यांत बघायचं." नव्या एजंटला शिकवावं तसं मी माझ्या मुलीला शिकवलं. ती हुशार. तिला ते लगेच जमलं. हेही लिहिलं पाहिजे: मला तिचं कौतुक वाटलं. रात्रीच्या जेवणात मी शोभाला म्हणालो, "बघ, तुला जमत नाही, हिला कसं जमतं."

तो संवाद मला भिंतीआडून पाठ झाला होता.

"पाणी घ्या, नाना."

"बाप?"

"पप्पा धुळ्याला गेलेत."

"कालबी धुळ्याला, परवाबी धुळ्याला. तिकडे दुसरं घर शे का काय त्याचं?"

"आत्याची तब्येत बरी नसते, नाना."

"अगं, उभी नोकरी मी त्या रूटवर तिकिटं फाडली. सबंध गल्ली मिळून जेवढी धुळ्याला जात नाही, तेवढा तुझा बाप एकटा जातो. त्याला पास काढायला सांग."

तेजल हसली. नाना हसले. मागच्या खोलीत मीही हसलो.

मुलांपर्यंत झळ पोचू द्यायची नाही, हे आमच्या पिढीचं आवडतं वाक्य. शोभा आणि मी ते एकमेकांना वारंवार ऐकवत असू. पैशाचा विषय निघाला की आवाज खाली करायचो, दार लोटून घ्यायचो. बाहेरच्या दाराशी रोज संध्याकाळी कोणाला उभं केलं होतं, याचा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात येत नव्हता. आतलं दार लोटणं म्हणजे संरक्षण, असं समजणारी आम्ही माणसं.

आणि त्या वर्षीही मी भरीत पार्टी केली.

शोभाने एकदाच विचारलं, "कशाला?"

"नाही केली तर खरंच बुडालं म्हणतील. ह्याच वर्षी तर करायला हवी."

तेजलच्या क्लासच्या फीचा दुसरा हप्ता शोभाने पिठाच्या डब्यामागे बाजूला ठेवला होता. मी तो उचलला. तेजलला म्हणालो, "सरांना सांग, पुढच्या आठवड्यात." ती म्हणाली, "ठीक आहे, पप्पा."

लपून बसणारा माणूस त्या दिवशी सर्वांसमोर पांढरा सदरा घालून जाळाशी उभा होता. "धुळ्याहून खास आलो," असं मी स्वतःच म्हणालो आणि लोक हसले. वारा थंड होता, काड्या तडतडत होत्या. सगळ्यांच्या देखत मी तेजलला हाक मारली. "ही आमची डॉक्टर. पुढच्या वर्षी मेडिकलला."

"मग आमचं बीपी फुकट बघशील ना गं?" कोणीतरी विचारलं.

"बघेन, काका."

"फुकट नको," नाना म्हणाले, "माझ्या ठेवीतून वळते करून घे." पुन्हा हशा. तेजल पानांवर पाणी शिंपडत फिरत होती. त्या दिवशी मी कितीतरी वांगी देठाशी दाबून पाहिली. सगळ्या पंगती उठल्यावर नानांनी विचारलं, "पोरगी जेवली का?"

मी म्हणालो, "तिला भरीत आवडेनासं झालंय हल्ली." मला ते माहीत नव्हतं. तिने काय खाल्लं, काय खाल्लं नाही, मी पाहिलंच नव्हतं. नानांना काहीतरी उत्तर हवं होतं आणि माझ्यापाशी उत्तर नेहमी तयार असे.

पुढचं मला नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं. क्लासमध्ये ज्यांची फी राहिली होती त्यांची नावं सरांनी सगळ्या बॅचसमोर वाचली. तेजलला म्हणाले, "वडिलांना घेऊन ये." ती नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली, "पप्पा धुळ्याला गेलेत, सर." बॅचमध्ये आमच्या गल्लीतली दोघं-तिघं मुलं होती. धुळ्याची गोष्ट गल्लीत सर्वांना ठाऊक होती. ती मुलं हसली, मग बाकीची हसली. दुसऱ्या दिवसापासून तेजल दप्तर घेऊन वेळेवर निघत राहिली, पण क्लासला गेली नाही.

खरं तर त्या हिवाळ्यात तिला सर्वांत जास्त पाहिलं असेल तर मीच. मला दुसरं काम नव्हतं. दिवसभर घरात बसलेल्या माणसाला घरातलं सगळं दिसायला हवं. तिच्या पुस्तकात तेच पान, तीच आकृती रोज उघडी असे. नखांच्या कडेची कातडी तिने दातांनी सोलून काढली होती. भर दुपारी शाल डोक्यावरून घेऊन ती निजायची. वेणी घालणं सुटलं, शोभा फणी घेऊन मागे गेली तर म्हणायची, "राहू दे, आई, दुखतं." पोळीचा एक तुकडा तोंडात बराच वेळ फिरत राहायचा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी त्याला अभ्यासाचा ताण असं नाव देऊन मोकळा झालो. बारावी म्हटलं की हे असं चालायचंच.

मी विचारत नव्हतो असं नाही. "तेजू, बरं आहे ना सगळं?" असं मी अधूनमधून म्हणायचो. ती उठायची, माठातलं पाणी पेल्यात घेऊन यायची, माझ्या हातात द्यायची आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून सांगायची, "ठीक आहे, पप्पा." मी पाणी प्यायचो. मुलगी न मागता पाणी देते, याचंही मला बरं वाटायचं. तो पेला दारात ठेवीदारांना दिलेल्या पेल्यांच्याच रांगेतला होता, हे तेव्हा ओळखलं असतं तर!

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी नाना आले. तेजल घरात नव्हती म्हणून शोभा दारात गेली.

"ते... घरी नाहीत, नाना."

"नसू दे. पैशाचं बोलायला आलो नाही आज मी." त्यांनी आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द मागच्या खोलीपर्यंत पोचेल असा ठेवला. बसच्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावं तसा. "आत जो नाही, त्याला सांग. पोरगी रोज स्टँडवर बसून असते. धुळ्याच्या फलाटासमोर. गाडी लागते, भरते, सुटते, ही तिथेच. आज मी जवळ जाऊन विचारलं, कुणाची वाट बघतेस गं? तर आपली पाण्याची बाटली पुढे केली माझ्या. म्हणे, ठीक आहे, नाना."

मी बाहेर गेलो नाही.

आता पंचावन्नाव्या वर्षी मी स्वतःपाशी कशाकशाचं समर्थन करून पाहिलं आहे. संस्था मी बुडवली नव्हती. मी नोकर होतो. मीही फसलो होतो. त्या सगळ्याला काही ना काही आधार आहे. पण त्या दुपारी गाद्यांना टेकून मी मनाशी जे म्हणालो, त्याला कसलाच आधार नाही. मी म्हणालो, म्हातारा हुशार आहे. मला बाहेर काढायला मुलीचं नाव घेतोय.

त्या संध्याकाळी तेजलला विचारलं, कारण शोभा माझ्याकडे एकटक पाहत होती. तेजलने पाणी आणलं. "नानांना आता नीट दिसत नाही, पप्पा. मी क्लासला असते. दुसरी कुणी असेल." मला हायसं वाटलं. एखाद्या ठेवीदाराला मी ज्या सफाईने परत पाठवत असे, त्याच सफाईने तिने मला परत पाठवलं आणि मी त्याच्याइतकाच समाधानाने परत गेलो.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी शोभाने तेजलच्या हातावर दही-साखर ठेवली. तेजलने ती खाल्ली, आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि निघाली. दुपारी शोभाच्या फोनवर अक्काचा फोन आला. अक्का घरात अहिराणीच बोलते.

"भाऊ, तुन्ही आंडेर मना दारमा उभी शे."

"तेजल? तिचं आज प्रॅक्टिकल आहे."

"ते माले ठाऊक नही. उनी तशी एकच इचारस, पप्पा आहेत का? तू आठे कधी उना व्हता रे? मी तिले काय सांगू?"

धुळ्याला न गेलेल्या माणसाबद्दल धुळ्याच्याच दारात कोणी विचारलं, तर द्यायचं उत्तर मी कधी शिकवलंच नव्हतं.

ती तिथे मला शोधायला गेली होती का? रोज स्वतःच्याच तोंडून ऐकून तिला ते खरं वाटू लागलं होतं का? की तो मला दिलेला टोला होता? की सगळी उत्तरं संपल्यावर जी जागा उरली तिथे ती नुसती पोचली होती? इतक्या वर्षांत मी तिला हे विचारलेलं नाही. उत्तर कोणतंही असलं तरी मला ते पेलणार नाही आणि ती ते ओळखून मला पेलेल असंच उत्तर देईल.

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा खरोखर धुळ्याला गेलो, शोभाला घेऊन. स्टँडवर गाडीला वेळ होता. त्या फलाटासमोरचं सिमेंटचं बाक थंड होतं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोन्ही बाजूंना वेचणी संपलेल्या कपाशीच्या काळ्या काड्या उभ्या होत्या. अक्काचं घर देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे. तेजल भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "बोलू नको. नुसता बस." मी बसलो. तेजल उठली नाही आणि त्या दिवशी तिने मला पाणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, "घरात काही ताण आहे का? पैशाचा वगैरे?"

मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही, तसं सगळं ठीक आहे."

तेजलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखादं गणित आपल्याला आलं होतं तसंच पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर निघावं, तशी ती नजर होती.

"खोटं बोली राह्यना तो, डॉक्टर," अक्का म्हणाली. "चार म्हयनापाईन घरमा लपी बसेल शे."

"बरं झालं, कोणीतरी सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी मला आणि शोभाला बाहेर बसायला सांगितलं. अक्काला मात्र आत राहू दिलं.

औषधं बराच काळ चालली, बोलणंही चाललं. ते वर्ष गेलं, मेडिकलचं नाव कोणी पुन्हा काढलं नाही. तेजल अक्काकडेच राहिली. अक्का तिला कधी "बरी शे ना?" असं विचारायची नाही. "भाकर अर्धी खाशी का बठ्ठी?" विचारायची. "रातले झोप लागनी का जागीच व्हती?" "आज रडू उनं का?" ज्याला नुसतं "ठीक आहे" म्हणून सुटता येत नाही, असे प्रश्न. सुरुवातीला तेजल गप्प राहायची. मग एके दिवशी म्हणाली, "उनं." अक्काने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती स्वतःच रडत होती. वांग्यांची देठं दाबून पाहणारा मी. सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत सालीचा रंग पाहून उठलो होतो.

आता तेजल नाशिकला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. स्वतःचं भाडं स्वतः भरते. दर रविवारी फोन करते. मी विचारतो, "कशी आहेस?" ती म्हणते, "ठीक आहे, पप्पा." कदाचित ती खरोखर ठीक असेल. बहुधा असेलच. पण मला ते कळायला मार्ग नाही. तोच आवाज, तेच संथ शब्द, माझ्याच हाताखाली तयार झालेले. पतसंस्थेवर प्रशासक आला, वसुली झाली, काहींना काही मिळालं. नानांना निम्मे मिळाले, निम्मे "येतील". बुडालेल्या ठेवीतले निम्मे तरी असे परत येतात. मुलीच्या "ठीक आहे" या शब्दांवरचा विश्वास मी दारातल्या खोट्यात गुंतवला, तिथून मला काही परत मिळालेलं नाही आणि दाद मागायची तर ती माझ्याकडेच.

मी आता एका डाळ मिलच्या गेटवर गाड्यांची नोंद करतो. लोक रस्त्यात भेटतात, "काय भाऊ, बरं ना?" म्हणतात. विसरले आहेत किंवा विसरल्यासारखं करतात. मागे आमच्या कॉलनीच्या सभागृहात मुलांच्या मानसिक आरोग्यावर व्याख्यान झालं. वक्ते चांगलं बोलले. मुलांशी बोला, मुलांचं ऐका, म्हणाले. मी शेवटच्या रांगेत होतो. मुलांनी काय बोलायचं हे आपणच पढवून ठेवलेलं असेल तर ऐकायचं काय, असं विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. परवा समोरच्या घरी हप्ता मागायला माणूस आला होता. दारात त्यांची नववीतली मुलगी आली. "पप्पा बाहेरगावी गेलेत." आवाज अगदी एकसारखा होता, ना वर, ना खाली. मी फाटकाची कडी हातात धरून उभा राहिलो. रस्ता ओलांडून जावं, त्या घरातल्या बापाला बाहेर बोलवावं, एवढं साधं काम होतं. कडी लावली आणि घरात आलो.

या आठवड्यात तेजल चार दिवसांच्या रजेवर आली आहे. काल संध्याकाळी प्लॉटवर काड्या पेटल्या. मी खिडकी लावायला उठलो तर ती म्हणाली, "राहू द्या ना, पप्पा. मला आवडतो तो वास." मला खरंच माहीत नव्हतं. खिडकी उघडी राहिली.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. खोकल्यावरून मी ओळखलं. नाना आता फार थकले आहेत, काठी घेऊन चालतात. तेजल दारात गेली.

"कधी आलीस गं? बाप शे का घरात?"

"आहेत, नाना. बोलावते."

एवढंच. पाणी नाही, थांबणं नाही. ती आत वळली. आणि मी, ज्याच्यावर आता कोणाचा तगादा नाही, लपायचं कारण उरलेलं नाही असा माणूस, मी उठून मागच्या खोलीकडे एक पाऊल टाकलेलं होतं. मी ते ठरवून टाकलं नव्हतं. पाय आपणहून तिकडे गेला होता. तेजलने ते पाहिलं. बोळात ती जिथे होती तिथेच उभी राहिली. वाट अडवली नाही, बाजूलाही झाली नाही.

"नाना आलेत, पप्पा," ती म्हणाली. "जा."

मी बाहेर गेलो. नाना ओट्यावर बसले होते. कॉलनीच्या भरिताला मला बोलवायला आले होते. दरवर्षी येत असत म्हणे. दरवर्षी शोभा काहीतरी सांगून परत पाठवत असे. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि ओठांच्या कोपऱ्यात जुनं हसू आणून विचारलं,

"आलास का रे धुळ्याहून?"

या प्रश्नाला हसून उडवून लावणारं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. अजूनही होतं.

"नाही, नाना," मी म्हणालो. "मी गेलोच नव्हतो. आतच होतो. तुम्ही पोरीचं सांगायला आलात, त्या दिवशीही."

नानांनी काठीची मूठ अंगठ्याने दोन-तीनदा चोळली आणि प्लॉटवरच्या जाळाकडे पाहत राहिले. आत स्वयंपाकघरात नळ चालू होता. तेजलने ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. विचारलं तर काय म्हणेल, ते ठाऊक आहे.